एअर सँडर घ्या, पण आधी हवा मोजा

डेंटिंग-पेंटिंगचे काम करणारे आपले कारागीर आणि जुन्या गाड्या हौसेने घरच्या घरी नीट करणारे तरुण भेटले की एक प्रश्न आम्हाला हमखास विचारतात : 'स्वस्तातला पण टिकाऊ एअर सँडर कोणता घ्यावा?' प्रश्न साधा दिसतो, पण त्यामागे दिवसभर ठोकळ्याला पेपर गुंडाळून लांबी घासल्याने भरून आलेले खांदे असतात आणि चार-सहा महिने बाजूला टाकून जमवलेली रक्कम असते. दुकानदार या प्रश्नाचे उत्तर अर्ध्या मिनिटात देतो. आम्हाला ते तेवढ्यात देता येत नाही, म्हणून हा लेख.

आम्ही स्वतः या बाबतीत एकदा चांगलेच पोळलो आहोत. घरातल्या एका जुन्या चेतक स्कूटरचे पत्र्याचे काम आम्ही हौसेने हाती घेतले होते. १ एचपीचा छोटा कॉम्प्रेसर होताच. त्यावर स्प्रे गन बरी चालत असे. बाजारात गेलो, एक एअर सँडर पाहिला. खोक्यावर लिहिले होते ४ सीएफएम. आमच्या कॉम्प्रेसरच्या पट्टीवरही ४ सीएफएमच लिहिलेले होते. जमले, असे म्हणून पैसे मोजले. घरी येऊन नळी जोडली, लिव्हर दाबली. पहिली वीस-पंचवीस सेकंद सँडर असा फिरला की शेजारची मुले बघायला आली. मग आवाज खाली आला, पॅड रेंगाळू लागला आणि जरासा दाब देताच थांबला. कॉम्प्रेसर मात्र धापा टाकत होता. दुकानदाराकडे परत गेलो तेव्हा त्याने थंडपणे सांगितले की सँडर चांगला आहे, तुमचा कॉम्प्रेसर कमजोर आहे. तो खोटे बोलत नव्हता. पण हे त्याने पैसे घेण्यापूर्वी सांगायला हवे होते. आणि आम्हीही विचारायला हवे होते.

त्या दिवसापासून आमचे मत असे झाले आहे की एअर सँडर स्वस्त की महाग हे सँडरच्या किमतीवर ठरतच नाही. ते हवेवर ठरते. सँडर हे टोकाचे हत्यार आहे. खरे यंत्र कॉम्प्रेसर आहे.

खोक्यावरचा आकडा आणि कॉम्प्रेसरवरचा आकडा हे दोन्ही खरे असूनही ग्राहक फसतो कसा, हे नीट समजून घेतले पाहिजे. सीएफएम म्हणजे एका मिनिटात किती घनफूट हवा. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. अनेक हत्यारांच्या खोक्यावर जो सीएफएम छापतात तो 'सरासरी' असतो, आणि ती सरासरी बहुधा असे धरून काढलेली असते की हत्यार मिनिटातले फक्त पंधरा सेकंद चालेल. नट खोलण्याच्या इम्पॅक्ट गनला हे लागू पडते. दोन सेकंद घर्रर्र, मग पुढचा नट. सँडर तसा चालत नाही. बॉनेटवर सँडर टेकवला की तो मिनिट-दोन मिनिटे सलग फिरतो. म्हणजे खोक्यावर ४ लिहिलेला सँडर प्रत्यक्षात १२ ते १६ सीएफएम हवा खातो. चांगल्या कंपन्या सरासरी आणि सलग असे दोन्ही आकडे देतात. जिथे एकच आणि तोही ४ च्या आसपासचा आकडा दिसेल, तिथे त्याला चाराने गुणावे आणि मगच पुढे बोलावे.

कॉम्प्रेसरच्या पट्टीवर उलटा प्रकार असतो. तिथला आकडा बहुधा पिस्टनच्या आकारमानावरून काढलेला असतो, म्हणजे पिस्टन किती हवा ओढू शकेल याचा हिशेब. टाकीतून दाबाखाली खरोखर बाहेर पडणारी हवा छोट्या कॉम्प्रेसरमध्ये त्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास भरते. साधारण हिशेब असा की दर एचपीमागे पट्टीवर ४ सीएफएम आणि हातात अडीच-तीन. तेव्हा एकीकडे गरज कमी करून लिहिलेली, दुसरीकडे पुरवठा वाढवून लिहिलेला. मधल्या मध्ये कारागीर.

आता एक बेरीज-वजाबाकी करू. समजा आपल्याकडे २ एचपीचा कॉम्प्रेसर आहे, टाकी १०० लिटरची, दाब ८ बारपर्यंत. सँडरला ६ बार, म्हणजे सुमारे ९० पीएसआय हवेत. ८ वरून ६ वर येईपर्यंत टाकीतून मोकळी हवा मिळते १०० गुणिले २, म्हणजे २०० लिटर. सुमारे ७ घनफूट. सँडर मिनिटाला १२ घनफूट खातो, कॉम्प्रेसर ५ भरतो. तूट ७ ची. म्हणजे बरोबर एक मिनिट काम. त्यानंतर टाकी पुन्हा वर यायला जवळपास दीड मिनिट थांबायचे. एक मिनिट घासा, दीड मिनिट हाताची घडी घाला. शिवाय घरगुती बनावटीचे पिस्टन कॉम्प्रेसर सतत चालण्यासाठी नसतात. तासातला निम्मा वेळ चालावे, निम्मा वेळ थंड व्हावे, अशा बेताने ते बनवलेले असतात. त्यांना सँडरच्या मागे लावले की हेड तापते, तेल वर चढते आणि रिंगा जातात. सँडर स्वस्तात आला, पण कॉम्प्रेसर हकनाक गेला, असे आम्ही एकाहून अधिक गाळ्यांत पाहिले आहे.

म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो. १ एचपीवर एअर सँडर घेऊ नका, कोणीही कितीही आग्रह केला तरी. २ एचपीवर एखाद्या डेंटभोवतीचा हातभर तुकडा थांबत थांबत होतो, एवढेच. ३ एचपी आणि दीड-दोनशे लिटरची टाकी असेल तर १२५ मिमीचा सँडर हौशी कामाला चालवून घेता येतो. रोजीरोटीसाठी दिवसभर चालवायचा असेल तर ५ एचपीच्या खाली जाऊ नये, आणि ५ एचपी म्हटले की बहुतेक ठिकाणी थ्री फेज कनेक्शन आले. घरगुती मीटरवर धंद्याचा कॉम्प्रेसर चालवणे हा २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे अनधिकृत वापर ठरतो, दंडासह बिल येऊ शकते. हा खर्चही सँडरच्याच खात्यावर लिहावा लागतो.

मग ज्यांच्याकडे एवढी हवा नाही त्यांनी काय करावे? त्यांनी विजेवर चालणारा रँडम ऑर्बिटल सँडर घ्यावा, असे आमचे मत आहे. हे ऐकून गॅरेजमधले अनेक जण नाक मुरडतात, कारण मोठ्या वर्कशॉपमध्ये हवेची हत्यारे दिसतात आणि विजेचा सँडर हा सुताराचा समजला जातो. पण हिशेब पाहा. १२५ मिमीचा विजेचा सँडर सुमारे ३०० वॅट घेतो; तीन तास चालला तरी एक युनिटही होत नाही. ५ एचपीचा कॉम्प्रेसर तासाला चारेक युनिट खातो. हवा दाबताना विजेचा मोठा हिस्सा उष्णता होऊन उडून जातो, सँडरच्या पॅडपर्यंत दहावा हिस्सा पोचला तरी पुष्कळ. ज्याला वर्षातून दोन गाड्या आणि एखादी स्कूटर करायची आहे त्याने केवळ रुबाबासाठी तो खर्च का करावा?

विजेच्या सँडरचे दोष आम्ही लपवत नाही. लांबीची भुकटी मोटरमध्ये ओढली जाते, कार्बन ब्रश झिजतात, आणि पाण्याचे काम त्याने कधीही करू नये, जीवावर बेतेल. वजनाला तो जड असतो, उभ्या दारावर तासभर धरला की मनगट बोलू लागते. हवेच्या सँडरची खरी थोरवी इथेच आहे. त्यात मोटर जळण्याची भानगड नाही, अडकला तर थांबतो आणि सुटला की फिरतो, लिव्हरच्या दाबाने वेग कमी-जास्त होतो, आणि आत चार-पाच पट्ट्या, म्हणजे व्हेन, दोन-तीन बेअरिंग यांपलीकडे बिघडण्यासारखे फारसे काही नसते. ज्याच्याकडे हवा आहे त्याच्यासाठी एअर सँडरसारखे हत्यार नाही. वाद फक्त हवेचा आहे.

समजा हवा आहे. मग दुकानात जाऊन काय मागावे? 'सँडर द्या' एवढे म्हणून भागत नाही. गाडीच्या कामाला लागतो तो डबल अॅक्शन, ज्याला आपल्याकडे सगळे 'डीए' म्हणतात. त्यात पॅड स्वतःभोवती फिरतो आणि शिवाय केंद्रापासून थोडा सरकून वेटोळे घेतो, त्यामुळे एकाच जागी गोल ओरखडे पडत नाहीत. हे वेटोळे किती मोठे, हाच खरा प्रश्न असतो आणि तो आपले लोक सहसा विचारत नाहीत. ५ मिमीच्या आसपासचे वेटोळे लांबी घासायला, जुन्या रंगाच्या कडा उतरवायला; अडीच-तीन मिमीचे प्रायमर आणि अखेरच्या सफाईला. दोन सँडर घेण्याची ऐपत असेल तर दोन्ही घ्यावेत. एकच घ्यायचा तर ५ मिमीचा घ्यावा आणि शेवटची सफाई हाताने करावी. ५ मिमीने बारीक पेपर लावूनही प्रायमर बराच साफ होतो. उलट अडीच मिमीने लांबी घासायला बसलात तर संध्याकाळ होईल.

पॅड १२५ मिमीचा की १५० चा? कार-जीपची मोठी पॅनेल करणाऱ्याने १५० घ्यावा, कारण गाडीच्या कामाच्या वेलक्रो डिस्क त्या मापात सहज मिळतात. स्कूटर, मोटरसायकलची टाकी, मडगार्ड करणाऱ्याला १२५ सुद्धा मोठा पडतो. त्याने ७५ मिमीचा छोटा पाहावा. पॅड वेलक्रोचाच घ्यावा. चिकट कागदाचे पॅड अजून कुठे कुठे मिळतात, पण एकदा काढलेला कागद पुन्हा लागत नाही आणि धुळीच्या गाळ्यात तो धड चिकटतही नाही. डिस्कला जी भोके असतात ती पॅडच्या भोकांशी जुळतात का हेही दुकानातच पाहावे. सहा भोकांचा पॅड आणि पंधरा भोकांच्या डिस्क घेऊन घरी आलेले गृहस्थ आम्ही पाहिले आहेत.

ब्रँडविषयी थोडे. इटलीची रुपेस, फिनलंडची मिर्का, अमेरिकेची डायनाब्रेड यांचे सँडर उत्तम आहेत यात वाद नाही; कंपन कमी, हात शिणत नाही. पण महिन्यातून चार दिवस चालणाऱ्या हत्यारात एवढी रक्कम अडकवणे हौशी माणसाला परवडत नाही, आणि परवडायची गरजही नाही. शिकागो न्युमॅटिक, इंगरसोल रँड यांच्यासारख्या मधल्या वर्गातल्या कंपन्यांचे साधे डीए मिळतात. त्याखाली तैवान आणि चीनच्या मालाचा समुद्र आहे. त्या सगळ्याला कचरा म्हणणे अन्यायाचे होईल. जगातल्या कितीतरी नामांकित कंपन्या आपली हवेची हत्यारे तैवानमध्येच बनवून घेतात. फरक हा की त्याच दिसण्याचा, त्याच रंगाचा एक सँडर पाच वर्षे जातो आणि दुसरा पाच आठवडे.

तो फरक ओळखण्याची आमची रीत सोपी आहे. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा पुण्यात बोहरी आळीत दुकानात उभे राहून पहिला प्रश्न सँडरचा विचारूच नये. विचारावे : 'याचा सुटा पॅड आहे? व्हेनचा सेट आहे? किती दिवसांत मिळेल?' दुकानदाराने मागच्या फळीवरून पॅड काढून समोर ठेवला तर बोलणी पुढे न्यावीत. तो म्हणाला की मागवून देतो, तर समजावे की तो माल आज आहे आणि उद्या नाही. पॅड ही झिजणारी वस्तू आहे, वेलक्रो उष्णतेने मरतो. ज्याचा पॅड मिळत नाही तो सँडर पहिला पॅड जाताच भंगार. बाजारातल्या अनेक सँडरच्या पॅडचा आटा ५/१६ इंच, इंचाला २४ पेरांचा असतो. तोच आटा असेल तर दुसऱ्या कंपनीचा पॅडही बसतो आणि माणूस एका दुकानाचा बांधील राहत नाही. स्वस्त माल घेताना हा एक मुद्दा आम्हाला नावापेक्षा मोठा वाटतो.

मग सँडर हातात घ्यावा. पॅड बोटाने फिरवून पाहावा. खरखर लागली, आडवा हलला, तर परत ठेवावा. शक्य असेल तिथे हवा लावून चालवायला सांगावे आणि मोकळा धरून मनगटात किती थरथर येते ती पाहावी. ही थरथर किरकोळ समजू नका. वर्षानुवर्षे कंपन सोसणाऱ्या हाताची बोटे पांढरी पडतात, बधिर होतात, बटण लावता येत नाही. युरोपात २००२ पासून याचे मोजमाप कायद्याने ठरले आहे : आठ तासांच्या दिवसाला कंपनाचा २.५ मीटर प्रति सेकंदवर्ग हा आकडा ओलांडला की मालकाने उपाय करायचे आणि ५ ही शेवटची मर्यादा. बऱ्या सँडरच्या माहितीपत्रकात हा आकडा छापलेला असतो. आपल्याकडे तो कोणी वाचत नाही. दिवसभर काम करणाऱ्याने मात्र किमतीच्या आधी तोच वाचावा. आणि पक्के बिल घ्यावे; बदलून मागताना तेच कामाला येते आणि जीएसटीची नियमित नोंदणी असलेल्याला भरलेला कर वळताही करता येतो. कंपोझिशनवाल्यांना ती सोय नाही.

आता एका मतभेदाचा मुद्दा. आमच्या ओळखीचे एक उस्ताद आहेत. सारी उमर पत्रा सरळ करण्यात गेली. त्यांच्या शागिर्दाने डीए आणला तेव्हा ते म्हणाले, 'बेटा, हे खेळणे पत्रा घासेल, पण पत्रा वाचणार नाही.' आम्हाला ते आधी म्हाताऱ्या माणसाचे कुरकुरणे वाटले. नंतर कळले की उस्ताद अर्ध्याहून जास्त खरे होते. डीएचा गोल, मऊ पॅड खळग्यात शिरतो आणि उंचवट्यावरून सरकतो. तो पृष्ठभाग गुळगुळीत करतो, सपाट करत नाही. नवशिका दारावर लांबी भरतो, डीए फिरवतो, हात फिरवून पाहतो, रेशमासारखे लागते. रंग मारल्यावर उन्हात गाडी आडवी उभी केली की सगळे दार लाटालाटांचे दिसते. सपाटी आणायची तर लांब ठोकळा आणि ८० नंबरचा पेपर, हात तिरपा, एकदा इकडून एकदा तिकडून. वर हलका काळा स्प्रे मारून घासले की खळग्यात काळे राहते आणि डोळ्यांना दिसते कुठे कमी आहे. हे काम डीएचे नाही.

तेव्हा पैसे मोजकेच असतील तर आधी दोन चांगले ठोकळे घ्या, एक हातभर लांब आणि एक वीतभर. सँडर नंतर. उस्तादांशी आमचा मतभेद उरतो तो पुढच्या भागात. लांबी सपाट झाल्यावर १८० ने, २४० ने ओरखडे काढणे, जुन्या रंगाची कडा पसरवणे, सबंध गाडीचा प्रायमर ३२० आणि ४०० ने घासणे, हे सगळे हाताने करण्यात हुन्नर काही नाही, फक्त खांदे झिजतात. तिथे डीए दिवसाचे काम दोन तासांवर आणतो. शागिर्दाला त्या वेळात पत्र्यावर हातोडी कशी पडते ते शिकवावे.

पाणी पेपरचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. आपल्या गॅरेजमध्ये पाण्याने घासण्याची जुनी पद्धत आहे. पाण्यात चालणारा पेपर १९२१ साली अमेरिकेत थ्रीएम कंपनीने आणला, आणि गाड्यांच्या कारखान्यांत त्याचे स्वागत झाले ते मुख्यतः धूळ बसते म्हणून. अखेरच्या सफाईला, क्लिअरवर, तो आजही योग्यच आहे. पण उघड्या लांबीवर पाणी घालणे ही खोड मोडली पाहिजे. पॉलिएस्टर लांबीत शंखजिऱ्याची पूड असते, ती पाणी शोषते. वरून कोरडी दिसते, आत ओल राहते. तिच्यावर प्रायमर, त्यावर रंग. दोन पावसाळ्यांत रंगावर फोड येतात, फोड फोडला की खाली तांबेरा. गिऱ्हाईक म्हणते कारागिराने काम मारले, कारागीर म्हणतो कोकणची हवाच खारी. दोष बहुधा त्या पाण्याच्या बादलीचा असतो. कोरडे घासायचे तर डीए कामाचा, आणि एअर सँडर घेण्याचे हे कारण आम्हाला वेळ वाचण्यापेक्षाही वजनदार वाटते.

पण कोरडे घासले की धूळ उडते, आणि धुळीविषयी गुळमुळीत बोलणे आम्हाला पसंत नाही. त्याच उस्तादांना आज दोन जिने चढता येत नाहीत. डॉक्टर काय म्हणतात ते त्यांच्यापाशी राहू द्या. आम्ही एवढेच पाहिले की चाळीस वर्षे ते तोंडाला ओला रुमाल बांधून काम करत आले. रुमाल डोळ्यांना दिसणारी धूळ अडवतो, छातीत खोल जाणारी अडवत नाही. जुन्या गाड्यांच्या रंगात शिसे आणि जुन्या प्रायमरमध्ये क्रोमेट असू शकते. टू-के प्रायमर पुरता सुकला नसेल तर त्याच्या धुळीत आयसोसायनेट उरते, ज्यामुळे दमा जडतो. २०२० नंतर एन-९५ मास्क प्रत्येक घराला माहीत झाला आहे, महाग नाही. तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे. घासताना तो लावावा, आणि फवारणीच्या वेळी तेवढ्याने भागत नाही हेही ध्यानात ठेवावे. तिथे कोळशाच्या डब्यांचा मास्क लागतो आणि टू-के रंगाला तर बाहेरून ताजी हवा पुरवणारा.

सँडर घेताना धूळ ओढणारा घ्यावा की साधा, हा प्रश्न म्हणूनच चैनीचा नाही. तीन जाती मिळतात : साधा, स्वतःच्याच निघणाऱ्या हवेने धूळ पिशवीत ढकलणारा, आणि व्हॅक्यूमच्या नळीला जोडायचा. मधली जात स्वस्तात मिळते आणि पिशवी अर्धी भरली की ओढ कमी होते, पण साध्यापेक्षा ती पुष्कळ बरी. जिथे जुना व्हॅक्यूम क्लीनर असेल तिथे तिसरी घ्यावी. चाळीत, दाराशी मुले खेळत असताना साधा सँडर लावणाऱ्याला आम्ही हौशी म्हणणार नाही.

घेतल्यानंतरचे दोन शब्द, कारण स्वस्त सँडर मरतो तो बहुधा मालकाच्या हातून. पहिला शत्रू पाणी. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या हवेत दर घनमीटरला वीस ग्रॅमांहून अधिक वाफ असते. ५ एचपीचा कॉम्प्रेसर तासभर पूर्ण चालला की टाकीत आणि नळीत मिळून पाव लिटरच्या वर पाणी सुटते. टाकीचा खालचा नळ रोज संध्याकाळी उघडा. हे सँडरपुरते नाही. आतून गंजलेली टाकी एक दिवस फुटते, आणि ती फुटते तेव्हा गाळा उरत नाही. दुसरा शत्रू कोरडेपणा. सकाळी चार थेंब, काम संपल्यावर चार थेंब हवेच्या हत्याराचे पातळ तेल नळीच्या तोंडातून सोडायचे आणि क्षणभर चालवायचे. इंजिनचे जाड तेल किंवा खोबरेल घालू नये. व्हेन चिकटून बसतात. लाइनवर तेलाची बाटली कायमची बसवण्याचा सल्ला काही जण देतात. ज्या लाइनवर स्प्रे गन चालते तिथे तसे करू नका. तेलाचा अंश नळीत राहतो आणि रंगावर माशाच्या डोळ्यासारखी गोल भोके पडतात. मग सगळे काम पुन्हा घासा.

आणि नळी. आम्ही पाहिलेल्या निम्म्याअधिक 'कमजोर' सँडरचा दोष सँडरमध्ये नव्हता, स्प्रे गनच्या ६ मिमी आतील व्यासाच्या लांबच लांब नळीत होता. १० मिमीची नळी घ्या, जेवढी लागते तेवढीच ठेवा, जोड कमी करा. दाब पाहायचा तो लिव्हर दाबलेली असताना. बंद नळीतला दाब म्हणजे झोपलेल्या माणसाची नाडी.

शेवटची एक सूचना आम्ही कुर्ल्याच्या आणि भिवंडीच्या काही मित्रांपुढे ठेवली आहे, अजून कोणी मनावर घेतलेली नाही. एका रांगेत चार गाळे डेंटिंग-पेंटिंगचे असतात आणि प्रत्येकात दीड-दोन एचपीचा एक धापा टाकणारा कॉम्प्रेसर. चौघांनी मिळून ५ किंवा साडेसात एचपीचा एक घेतला, मागच्या भिंतीला उताराची लोखंडी पाइपलाइन टाकली, प्रत्येक गाळ्यात पाणी वेगळे करणारी बाटली बसवली, तर चौघांनाही सँडर चालवण्याजोगी हवा मिळते, कारण चौघे एकाच मिनिटाला लिव्हर दाबत नाहीत. पाइप लोखंडीच हवा. नळाचे पीव्हीसी स्वस्त म्हणून हवेला लावू नये, ते फुटले की तुकडे गोळीसारखे उडतात. वीजबिलाची वाटणी कशी करायची यावर बोलणी अडतात, दुरुस्ती कोणी करायची यावर मोडतात. एका मित्राने विचारले की प्रत्येकाच्या लाइनवर तास मोजणारे मीटर बसवता येईल का. कॉम्प्रेसरच्या मोटरवर तास मोजणारे मीटर सहज बसते. गाळ्यागणिक हवा मोजणारे मीटर मिळते, पण ते चौघांच्या सँडरपेक्षा महाग पडेल. त्यापेक्षा दर महिन्याला किती गाड्या झाल्या त्यावर वाटणी करावी, असे आम्ही सुचवले आहे. गाड्या मोजायला मीटर लागत नाही, वही पुरते.